भोंगा वाजला की आत

तीनदा सराव घेतला आणि तिन्ही वेळा अख्खी छावणी तंबूत शिरली.

करायचं होतं काय, तर भोंगा वाजला की तंबूतून बाहेर पडायचं आणि खाणीच्या पायऱ्यांनी वर चढायचं. यात न कळण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. इंजिनीअर मॅडमनी समजावलं, मी समजावलं, मॅडमनी फळ्यावर बाण काढून पुन्हा समजावलं. सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या. मग मी वर जाऊन भोंगा फिरवला, आणि बघते तर जे आत होते ते आतच, आणि जे बाहेर होते तेही आत. टेलरमास्तर पायऱ्यांपासून दहा पावलांवर उभे होते. ते उलटे धावत जाऊन तंबूत घुसले. नंतर जाब विचारला तर म्हणतात, "आत कुठे गेलो, मशीन झाकायला गेलो होतो." तिन्ही वेळा मशीनच झाकत होते म्हणे.

माझं डोकं फिरलं होतं, कारण हा काही खेळ नव्हता. भूकंपात वरच्या खिंडीतली अर्धी दरड नदीत आली होती आणि तिच्यामागे पाणी तुंबत चाललं होतं. तो मातीचा बांध कुणी बांधलेला नव्हता, त्यामुळे कधी फुटेल हेही कुणाला सांगता येत नव्हतं. फुटला की वीस मिनिटांत पाणी छावणीवर. छावणी वर हलवा म्हणाल, तर वर खाण आहे. दोनशे साठ माणसं झोपवायला सपाट जागा खालीच, नदीकाठी. रस्ता पहिल्याच दिवशी वाहून गेला होता, फोनचा टॉवर आडवा झाला होता. चार दिवसांनी एकदा हेलिकॉप्टर यायचं आणि आणायचं काय, तर मच्छरदाण्या. आमच्याकडे डास औषधालाही सापडत नाही. माणसं पांघरुणावाचून कुडकुडताहेत आणि तंबूच्या कोपऱ्यात दोनशे मच्छरदाण्या.

खिंडीच्या तोंडाशी दोन माणसं पाळतीवर बसवली होती. बांध हलला की त्यांनी लाल झेंडा हलवायचा. तो झेंडा एकाच जागेवरून दिसतो, खाणीच्या काठावरच्या भोंग्याच्या खोपटातून. आणि त्या खोपटात माझा धाकटा भाऊ बसलेला होता. बावीस वर्षं तो भोंगेवाला. भूकंपाच्या दिवसापासून तो तिथून खाली उतरला नव्हता, आणि भोंग्याला हात लावत नव्हता.

तो भोंगा हाताने फिरवायचा आहे, जाड लोखंडी दांड्याचा. बघताना वाटतं, त्यात काय. मी फिरवला की दोन मिनिटांत माझे खांदे निखळायची वेळ येते आणि भोंगा घसा बसल्यासारखा आवाज काढतो. मधल्या तंबूंपुढे तो जात नाही, पुढच्यांना शेजारी धावताना बघूनच कळतं. माझा भाऊ फिरवतो तेव्हा पलीकडच्या डोंगरातली माणसं घड्याळ लावतात.

आता लोक आत का शिरायचे, तेही सांगते. आमचं गाव खाणीचं. रोज चार वाजता सुरुंग उडायचे. त्याआधी भोंगा, आणि भोंगा वाजला की डोक्यावर छप्पर पाहिजे, कारण दगड कुठवर उडेल याचा नेम नाही. आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी हे शिकतं. चार वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. मी स्वतः खाणीच्या वजनकाट्यावर कामाला. ट्रक काट्यावर उभा असला तरी ड्रायव्हरला दंडाला धरून केबिनमध्ये आणायचं, हा नियम. अवेळी सुरुंग उडाला तर आधी भोंगा आणि मग चौकशी, हाही नियमच.

भूकंप झाला तो सकाळी पावणेअकराला. पहिला धक्का बारीक होता. माझ्या भावाला वाटलं, कुठला तरी सुरुंग आपोआप उडाला, आता दुसरा उडेल. त्याने नियमाप्रमाणे भोंगा फिरवला. आम्ही सगळे नियमाप्रमाणे आत गेलो. मग मोठा धक्का आला. घरं दगडाची. एकेचाळीस माणसं गेली. त्यात आमचे हे.

झालं ते असं. त्यात माझ्या भावाचा दोष काय, असं सगळे म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, टेलरमास्तर म्हणाले, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं तेही म्हणाले. तो कुणाचं ऐकेल तर शपथ. मॅडमना मृतांची यादी वर पाठवायची होती, त्यात मृत्यूच्या कारणाचा रकाना होता. भावाने वर बसल्या बसल्या कागदावर एकेचाळीस नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे लिहिलं, भोंगा. तो कागद माझ्या हाती खाली पाठवला. मॅडमनी बिचाऱ्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "बाई, असं नाही हो लिहिता येत."

"मला काय सांगता," मी म्हटलं. "मी फक्त डबा पोचवते आणि टपाल आणते."

हे एक लचांड, आणि घरात सासूबाईंचं दुसरं. भूकंपात त्या पलंगाखाली सापडल्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून त्या छपराखाली येईनात. माझ्या केबिनच्या बाहेर खुर्ची टाकून बसायच्या, दिवसा तिथे आणि झोपायलाही तिथेच. वजनकाट्याची ती केबिन खाली छावणीच्या कडेलाच, पत्र्याची, भूकंपात तिला काही झालं नाही, मी तिथूनच छावणीच्या याद्या सांभाळत होते. "अहो आई, आत या, गारठून जाल," असं दिवसातून दहादा म्हणायचं, आणि त्यांनी काठीने माती उकरत बसायचं. मुलगा गेल्यापासून माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. माझ्या भावाचं नाव निघालं की तेवढंही नाही. मी समजायचं ते समजले होते. पण समजून करता काय, भोंग्याचं बघायचं की यांचं.

तिसरा सराव फसल्यावर मॅडमनी हात टेकले. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण चिवट. म्हणाल्या, "यांच्या पायांना कसं सांगायचं?" कानांना आणि डोक्यांना सांगून झालं होतं, ते खरंच होतं. मग मलाच सुचलं. मी म्हटलं, तंबूची दारं दिवसा बाहेरून दोरीने बांधून टाकू. दुहेरी गाठ. कुणाला आत काही काम असलं तर सोडावी आणि काम झालं की परत बांधावी. भोंगा वाजल्यावर आत घुसायचं तर आधी गाठ सोडायला लागेल, आणि गाठ सोडेपर्यंत डोकं ठिकाणावर येईल.

लोकांनी कटकट केली. पण चौथ्या सरावाला दोरीने काम केलं. मी वरून पाहिलं, माणसं तंबूपाशी धावली, गाठीशी झटली, थबकली आणि वळून पायऱ्यांकडे निघाली. एकटे टेलरमास्तर गाठ सोडून आत गेले. शिंप्याला गाठीचं काय कौतुक. मी त्यांना सगळ्यांदेखत झाडलं. म्हटलं, "मास्तर, तुम्हाला मशीनसकट वाहून जायचं असेल तर जा, पण मला आधी लिहून द्या." ते रुसले. रुसू देत.

आता राहिला भाऊ. माझ्या फिरवण्याने शेवटचे तंबू उठत नव्हते, आणि मी काही चोवीस तास वर बसू शकत नव्हते. तेराव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन चढले, मनाशी ठरवून, की आज सोक्षमोक्ष लावायचाच.

तो खिंडीकडे डोळे लावून बसला होता. झेंड्यावर नजर ठेवायला त्याची ना नव्हती, फक्त दांड्याला ना होती. डबा पुढे ठेवला तर म्हणाला, "कागद दिलास?"

"दिला. तसं लिहिता येत नाही म्हणाल्या. कारण भूकंपच लिहिलंय."

"भूकंपाने घरं पाडली, ताई. घरात माणसं कुणी घातली?"

"नियमाने घातली. तू जेव आधी."

तो जेवला नाही. खाली बघत म्हणाला, "तुला माहीत नाही मी काय केलं. मी भोंगा फिरवत होतो आणि सगळे आत पळत होते. मी मोजत होतो. नव्वद मोजायच्या आत मैदान मोकळं. चारच्या भोंग्याला इतक्या लवकर कधी झालं नव्हतं. मला बरं वाटलं ताई. मी हसलोसुद्धा. आणि मग ती घरं बसली. एकामागून एक. सगळी माणसं आत ठेवून."

मी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"भावजी पण," तो म्हणाला. "तुझं कुंकू मी पुसलं."

हे मात्र मला सहन झालं नाही. मी तेरा दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही सांगायचं ठरवून गेले नव्हते. पण तोंडातून निघून गेलं.

"तुझ्या भावजींना तुझा भोंगा ऐकूच येत नव्हता. अठरा वर्षं ड्रिलवर काढली त्यांनी, एक कान गेलेला, दुसरा जायला टेकलेला, तुला माहीत नाही का? ते अंगणात स्टुलाचा पाय ठोकत बसले होते. मोकळ्या अंगणात. भोंगा वाजला, मी आत गेले, ते काही आले नाहीत. मी परत बाहेर जाऊन त्यांना उठवलं. ते म्हणाले, एवढा खिळा मारतो. मी ओरडले त्यांच्यावर. हाताला धरून ओढत आत नेलं. स्वयंपाकघरात मधोमध उभं केलं आणि दार लावायला वळले, तेवढ्यात मोठा धक्का आला. मी दारात होते म्हणून उंबऱ्याबाहेर फेकली गेले. तेव्हा तुझा भोंगा राहू दे बाजूला. त्यांना आत मी नेलं."

वाटलं, आता हा रडेल, किंवा मला जवळ घेईल, किंवा निदान काहीतरी शहाण्यासारखं बोलेल. त्याने पुन्हा खिंडीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "मग माझ्याकडे चाळीस."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. आता मला कळतं की तो माझ्यासाठी जागा करून देत होता, त्याच्या शेजारी. पण तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चाळीस घेऊन बस," मी म्हटलं. "आणि खाली दोनशे साठ आहेत ते पण घे. मी चालले. आजपासून मी वर येणार नाही आणि तो दांडा फिरवणार नाही. झेंडा हलला तर इथे तू आहेस आणि भोंगा आहे. तुझं तू बघ."

आणि मी खरंच निघाले. डबा तिथेच टाकला. अर्ध्या पायऱ्या उतरल्यावर राग ओसरला. आपण काय करून बसलो. दोनशे साठ माणसांचा जीव मी भावाशी भांडणात पणाला लावला होता. परत वर जावं असं दोनदा मनात आलं. पण आमच्या घराण्यात ताठा भरपूर. उतरत राहिले. खाली आले तर मॅडम समोरच.

"बाई, तुम्ही वर हव्या होता."

"भोंगेवाला आहे ना वर."

"तो फिरवणार आहे का?"

"मला काय माहीत. त्याला विचारा."

मॅडम वर पाठवायला दुसरा कुणी माणूस शोधू लागल्या. मी केबिनकडे गेले. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवला का तो?" तेरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या भावाचं विचारलं होतं. मी तिरसटपणे म्हटलं, "नाही जेवला." आणि भोंगा वाजला.

तो माझा घसा बसलेला भोंगा नव्हता. तो त्याचा होता. तळापासून चढत गेलेला, दोन्ही डोंगरांना लागलेला. सबंध छावणी उभी राहिली. मी सगळं पाहिलं: माणसं तंबूंकडे वळली, दोऱ्यांपाशी थबकली, मॅडम ओरडल्या, "वर, वर," आणि गर्दी पायऱ्यांकडे लोटली. टेलरमास्तर हात हलवत सगळ्यांत पुढे. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

आणि पुढचं मला आठवतं ते केबिनमधलं. मी काट्याच्या टेबलाखाली उकिडवी बसले होते, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. कशी गेले, केव्हा गेले, मला पत्ता नाही. सगळ्यांच्या दारांना मी दोऱ्या बांधायला लावल्या होत्या, आणि माझ्या केबिनच्या दाराला साधी कडीसुद्धा लावलेली नव्हती. बाहेर भोंगा वाजतोय, टेबलाखाली मी. मनात शांत वाटत होतं, हे कबूल करते. डोक्यावर काहीतरी आहे, आता भीती नाही. आता दगड पडू देत.

पाठीत काठी बसली. चांगली सणसणीत.

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. केबिनमध्ये, छपराखाली उभ्या होत्या आणि थरथर कापत होत्या. "ऊठ म्हणते ना. बाहेर हो."

मी बाहेर आले. मग मी त्यांना धरलं की त्यांनी मला, ते ठरवता येणार नाही. पायऱ्या आम्ही दोघी सगळ्यांच्या मागून चढलो. त्यांचा दम प्रत्येक दहा पायऱ्यांना संपत होता, आणि प्रत्येक वेळी मी "चला आई" म्हटलं की "ओढू नकोस" म्हणत होत्या. निम्म्यावर आलो तेव्हा पाणी आलं. पाणी कसलं, चिखल, झाडं आणि धोंडे. तंबू दिसेनासे झाले. केबिन एकदा गिरकी घेऊन उलटी झाली आणि गेली, तीही दिसली. मी पायरीवरच बसले. आत टेबलाखाली बसलेली मी मला दिसत होती.

माणसं सगळी वाचली. मॅडमनी दोनदा मोजली, दोनशे साठ. मास्तरांचं मशीन गेलं. ते माझ्याकडे बघेनात, मी दोरी बांधायला लावली नसती तर मशीन हाताशी असतं असं त्यांचं म्हणणं. बरं बाबा, मी पापी.

भोंगा मात्र थांबेना. सगळे वर आले होते, पाणी येऊन गेलं होतं, तरी तो वाजतच होता. मॅडमनी खोपटाकडे पाहून दोन्ही हात हलवले. तो बघायला तयार नाही. शेवटी मी गेले, मागून सासूबाई. तो दांड्यावर ओणवा होऊन फिरवत होता. दोन्ही तळवे सोलवटून रक्ताने चिकट झाले होते.

"सोड आता," मी म्हटलं. "सगळे वर आलेत."

"आत कोण राहिलं?"

"कुणी नाही."

"खोटं बोलू नकोस." तो माझ्याकडे न बघता फिरवत होता. "मी इथून बघितलं. तुझ्या केबिनमध्ये कुणीतरी शिरलं. मी फिरवायला लागलो आणि ते माणूस धावत आत गेलं. बाहेर येताना दिसलं नाही, मध्ये सगळी गर्दी आली. कोण होतं ते, ताई? कुणाचं होतं?"

"मी होते ती."

त्याचे हात थांबले. भोंगा खाली खाली येत बंद झाला, आणि इतकी शांतता झाली की कानात सूं होत राहिलं. त्याने माझ्याकडे वर-खाली पाहिलं, मी खरंच तिथे आहे का ते.

"तू? चार वेळा सराव घेणारी तू?"

"हो, मी. टेबलाखाली जाऊन बसले होते. यांनी काठीने मारून बाहेर काढलं."

तो हसायला लागला. ते हसणं बरं नव्हतं, लगेचच रडण्यात गेलं, आणि मला सांगायला लाज नाही की मीही त्याच्या गळ्यात पडून, "त्यांना मीच नेलं आत" म्हणत ओक्साबोक्शी रडले. तेरा दिवसांत मी आमच्या ह्यांच्यासाठी रडले नव्हते. याद्या करत होते.

सासूबाई भिंतीला टेकून धापा टाकत होत्या. आमचं आटोपेपर्यंत थांबल्या. मग माझ्या भावाला म्हणाल्या, "हिचं ऐकू नकोस. हिने त्याला आपल्या मनाने नाही आणलं आत. ही आत येऊन उभी होती. मी पलंगावर होते, मी ओरडत होते, त्याला आण, माझं पोर बाहेर आहे, आण त्याला. म्हणून गेली ती."

"आई," मी म्हटलं.

"गप. मी सांगितलं म्हणून गेलीस. एवढंच आहे ते."

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्या सकाळी आत मला कुणाची हाक ऐकू आली होती का, हे मी तेव्हाही आठवून पाहिलं आणि त्यानंतर कितीदा तरी. मला भोंगा आठवतो, त्यांच्या हातातला खिळा आठवतो, माझा स्वतःचा आवाज आठवतो. हाक आठवत नाही. सासूबाई खरं बोलल्या की माझ्या खांद्यावरचं काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं, ते मी त्यांना विचारलेलं नाही. रोज त्यांना जेवायला वाढते, रोज काहीतरी खटके उडतात, आणि विचारायची मला हिंमत होत नाही.